मास्तरांनी गाडी मळवली

"बाटली होती गं! मेडिकलवाल्याच्या पोरानं स्वतः कागदात गुंडाळून दिली. स्पिरिटची बाटली!"

'स्पिरिट' म्हणताना काकूंनी आवाज मुद्दाम खाली आणला. आवाज खाली आणला की बातमी जास्त लांब जाते, हे त्यांना सरावानं ठाऊक आहे. आमच्या आणि त्यांच्या परसामध्ये मेंदीचं कुंपण आहे. त्यातली हातभर मेंदी मध्येच वाळून गेली, तिथे कुणी नवी लावलेली नाही. मीही नाही आणि त्यांनीही नाही.

"पिण्याचं नव्हे हो ते, काकू."

"मग काय गुडघ्याला चोळायचं? बरं, बाटली एक सोड. परवा बाजारातून गेरू नेला. माझ्याकडे चुलीतली राख मागितली, आणि वर म्हणतात, वस्त्रगाळ करून द्या. बायकोच्या समईची काजळी खरवडून नेली. गेरू, राख, काजळी आणि दारू! मला तर वाटलं, सत्तरीला आलेल्या माणसानं कुणा भगताचा नाद धरला."

"आगगाडी मळवतायत ते."

काकू गप्प झाल्या. जव्हारच्या इतिहासात अशा घटना थोड्याच आहेत.

मी मास्तरांच्या पडवीत दोन-तीनदा बसून आले होते, त्यामुळे या बाबतीत काकूंपेक्षा माझ्याकडे जास्त माहिती होती. असा दिवस रोज येत नाही, म्हणून मी ती पुरवून पुरवून सांगितली. मास्तर म्हणजे आमच्या आळीतले निवृत्त चित्रकला शिक्षक. मोखाड्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर पोरांकडून फुलदाण्या काढून घेतल्या. पुण्याच्या भाच्यानं त्यांना मालगाडीचे छोटे डबे आणून दिले आहेत. एचओ माप म्हणतात त्याला, खऱ्याच्या ८७ पट लहान. कोळसा वाहणारा उघडा 'बॉक्सएन' डबा प्रत्यक्षात पावणेअकरा मीटरच्या आत-बाहेर लांब असतो, पडवीतला सव्वाबारा सेंटीमीटर. विटकरी रंगाचा, गुळगुळीत, कोरा करकरीत. मास्तरांनी तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, हा खोटा आहे. कारखान्यातून बाहेर पडल्या दिवशी डबा असा दिसत असेल, दुसऱ्या दिवशी नाही. आणि लागले त्याला मळवायला.

"म्हणजे नवी वस्तू आणायची आणि पैसे घालून जुनी करायची," काकू म्हणाल्या. "आमची सून नवीन जीन्स गुडघ्यावर फाटलेली घेते, त्यातलीच गत. आणि आगगाडी जव्हारला आहे कुठे? डहाणू-नाशिक रेल्वे होणार, होणार म्हणून माझे सासरे सांगायचे. ते गेले. ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, २०१४ साली, तेव्हा वाटलं आता तरी होईल. जिल्ह्याची सगळी रेल्वे समुद्राकाठानं, वसई, विरार, पालघर, बोईसर, डहाणू. आपण वर डोंगरात बसलोय यष्टीची वाट बघत."

"म्हणून तर ते डहाणूला जातात."

"कशाला?"

"घाण बघायला."

हे खरं आहे. मास्तर एसटीनं डहाणू रोडला जाऊन फलाटाच्या टोकाला बसतात आणि जाणाऱ्या मालगाड्यांची वही करतात. तिथल्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राला कोळसा रेल्वेनं येतो, त्यामुळे कोळशाचे डबे पाहायला मिळतात. बाकी सिमेंटच्या गाड्या, तेलाच्या टाक्या, कंटेनर. लोक गाडीत बसायला स्टेशनवर जातात, मास्तर गाडीला डाग कुठे पडलाय ते पाहायला जातात. मला आधी हे खूळ वाटलं होतं. वही पाहिल्यावर तसं वाटेना.

वहीत काय आहे? डब्याच्या आकृत्या आणि बाण. चाकांनी उडवलेली धूळ खालून वर चढते, म्हणून डबा तळाशी दाट मळतो आणि वर विरळ. पावसाचं पाणी वरून खाली येतं, म्हणून उभ्या पट्ट्यांच्या कडेनं ओघळ धरतात. ही दोन्ही कामं एकाच पत्र्यावर चालतात, आणि पूड लावताना ती दोन्ही वेगवेगळी लावावी लागतात. ब्रेकचा ठोकळा लोखंडी चाकाला घासून तांबूस भुगा पडतो, तो चाकांच्या आसपासच बसतो, छतावर नाही. तेलाच्या टाकीवर वरच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना काळा ओघळ उतरतो आणि तो धुळीसारखा निस्तेज नसतो, चकाकतो. सिमेंटच्या डब्याच्या दारांच्या फटींपाशी करडी पांढुरकी भुकटी. कोळशाच्या डब्याला आतून रंगच उरत नाही. भरताना खरवडला जातो, आणि कित्येक वीजकेंद्रांत तर अख्खा डबा यंत्रात धरून उलटा करतात, तेव्हा उरलासुरला जातो. म्हणून आतून गंज, बाहेरून धूळ. आणि नवे स्टेनलेस स्टीलचे डबे आहेत ते असे गंजत नाहीत, नुसतेच मळतात. त्यांना गेरू लावला की जाणकार हसतो.

"म्हणजे डब्याकडे बघून तो काय खाऊन आला ते कळतं," काकू म्हणाल्या.

"अगदी."

"मग असं म्हण की! मी चुलीच्या बुडाकडे बघून सांगते, आज सून काय रांधून गेली ते."

आता मळवायचं कसं, तर पेस्टल खडू असतात, चित्रकलेचे, मऊ, चौकोनी कांडीचे. ते ब्लेडनं खरवडायचे की रंगाची पूड पडते. तेलकट पेस्टल चालत नाहीत, ते कोरडी पूड देत नाहीत, नुसते लडबडतात. फळ्यावरचा साधा खडूही मास्तरांनी वापरून पाहिला. त्याची पांढरी धूळ चुन्यासारखी नुसती ओरडते, म्हणाले. पूड कोरड्या मऊ ब्रशनं लावायची. पण प्लॅस्टिक गुळगुळीत, त्यावर पूड ठरत नाही. म्हणून आधी चमक घालवणाऱ्या मॅट वार्निशचा फवारा द्यायचा, म्हणजे पृष्ठभाग जरासा खरखरीत होतो आणि पूड धरून ठेवतो. सगळं मनासारखं झालं की वरून पुन्हा हलका फवारा. आणि इथे खरी मेख आहे. हा दुसरा फवारा मारला की निम्मी पूड दिसेनाशी होते. तासभर खपून मळवलेला डबा डोळ्यांदेखत पुन्हा धुतल्यासारखा. त्यामुळे आधी जरा जास्तच मळवायचा, पाहणाऱ्याला वाटावं की हा माणूस बिघडला, मग फवाऱ्यानंतर तो बरोबर होतो.

"आणि पावसाळ्यात?" काकूंनी विचारलं. जव्हारच्या बाईनं हाच प्रश्न आधी विचारायचा.

पावसाळ्यात हे काम बंद. आमच्याकडे आषाढात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. पुडीच्या गुठळ्या होतात आणि दमट हवेत मारलेल्या फवाऱ्यावर पांढरं धुकं धरतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मास्तर पडवीत बैठक मांडतात. आता माघ चालू आहे, म्हणजे ऐन हंगाम.

"आणि ती बाटली?"

काकू मूळ मुद्दा विसरत नाहीत.

स्पिरिट गंजासाठी. कोरडी पूड म्हणजे धूळ. तीच पूड स्पिरिटमध्ये कालवून ब्रशच्या टोकानं टेकवली की स्पिरिट झटकन उडून जातं आणि पुडीची खपली उरते, फुगलेल्या गंजासारखी. पाणी घ्यावं तर ते प्लॅस्टिकवर थेंब धरून बसतं, पसरत नाही. काही वार्निशांवर स्पिरिट लागलं की पांढुरकी झाक येते. नवशिके त्यावर रडतात आणि मुरलेले लोक तीच झाक मुद्दाम आणतात, उन्हानं विटलेला रंग दाखवायला. रंग म्हणाल तर गंज आणि गेरू दोन्ही लोखंडाचे ऑक्साइड. म्हणजे मास्तर गंज दाखवायला जवळजवळ गंजच लावतायत.

"मग बाजारातून गेरू कशाला? आपल्या अंगणातली माती कमी तांबडी आहे?"

"खरखरीत पडते म्हणाले. विटेची पूडही करून पाहिली. तीही जाड."

"काय पण मास्तर! चाळून कसं होईल? निवळायला ठेवायची. माती पाण्यात कालव, जाड आहे ते बुडाशी बसू दे, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओत, ते उन्हात आटव. नाचणीचं सत्त्व काढताना आपण तळाचं ठेवतो नि पाणी फेकतो. इथे उलटं. तळाचं फेक आणि पाणी ठेव. हे चित्रकलेच्या मास्तरला कळू नये?"

हे मी त्या संध्याकाळी मास्तरांना सांगितलं. त्यांनी पाटीभर माती आणली. आठवड्यानं त्यांच्याकडे वाटीभर अशी पूड होती की बोटावर घेतली तर रेषांत जाऊन बसावी. खरं तर रंगाची माती निवळून बारीक करणं ही रंगाऱ्यांची फार जुनी पद्धत आहे. पण आमच्या आळीत तिचं श्रेय काकूंकडे गेलं आणि त्यांनी ते परत केलेलं नाही.

त्या भरात त्यांनी रांगोळीचा डबाही देऊ केला. तो मात्र मास्तरांनी हात जोडून परत केला. रांगोळीचा पाव मिलिमीटरचा कण ८७ पट केला की सुपारीएवढा होतो. डब्यावर धूळ दाखवायची आणि दिसायचा खडीचा ढीग. तांदळाच्या पिठाचा प्रयोग तर त्याआधीच झाला होता. वारली चित्रांत गेरूच्या भिंतीवर तांदळाचं पांढरं किती शोभतं, मग सिमेंटच्या डब्यावर का नको, असं त्यांना वाटलं. सिमेंट रात्रीतून झुरळांनी खाल्लं.

"मास्तरीणबाई काय म्हणतात?" हे सगळं व्हायच्या आधी, त्याच दिवशी कुंपणाशी काकूंनी आडून विचारलं. ही चौकशी डब्यांची नव्हती.

"त्या म्हणतात, निदान घरात असतात."

"हं." या 'हं'मध्ये बरंच काही होतं, ते मी इथे लिहीत नाही.

मी त्यांना पुण्याचं सांगितलं. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, भाऊ जोशींनी उभं केलेलं, १९९८ पासून लोकांना खुलं. अख्खं शहर, गाड्या, दिवे, सर्कससुद्धा. आणि अमेरिकेचं सांगितलं. कॅलिफोर्नियात मॉन्टेरीला जॉन अॅलन नावाचा छायाचित्रकार होता, त्यानं आपल्या छोट्या गाड्या कळकट करून दाखवल्या. त्या काळी छोटी गाडी म्हणजे काचेच्या कपाटातली चकचकीत वस्तू. १९७३ च्या जानेवारीत तो वारला आणि थोड्याच दिवसांत घरात आग लागून त्याचा तो बहुतेक पसारा जळाला.

"अरेरे," काकू म्हणाल्या. मग थोडं थांबून, "तेव्हा मात्र खरी काजळी."

मास्तरांचं हे कौतुक सगळीकडे चालतं असं नाही. बोहाडा तोंडावर आलाय. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देवादैत्यांचे मुखवटे चढवून सोंगं नाचवतात, संबळाच्या तालावर, मशालीच्या उजेडात. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, रामखिंडचे कारागीर त्यासाठी नावाजलेले. अमुक सोंग अमुक घराण्याचं, असा मान चालत येतो. काकूंच्या माहेरी मोखाड्याकडे अशाच एका मानकऱ्याच्या मुखवट्याचा कान तुटला, नवा बसवला. नवा कान जुन्या गालाशेजारी उपरा दिसू लागला. मास्तरांना वाटलं, हे तर आपलं काम. पूड नेली, ब्रश नेला. मानकऱ्यानं दारातच विचारलं, काय करणार? मास्तर म्हणाले, कान थोडा मळवतो, म्हणजे मिळून येईल.

"देव मळवणार?" मानकरी म्हणाला, आणि त्यानं सगळा मुखवटाच नव्यानं रंगवून टाकला. लखलखीत. गाल कानाला मिळून आला.

मला त्याचं बरोबर वाटतं. मशालीच्या हलत्या उजेडात वीस हातांवरून पाहायचा मुखवटा भडकच हवा. डबा हातावर घेऊन चष्म्यातून पाहायचा, तिथे एक थेंब चुकला तरी दिसतो. मास्तरांचं म्हणणं याच्या पुढचं आहे. छोटा डबा आपण हातभर अंतरावरून पाहतो, म्हणजे खरा डबा पाऊणशे-शंभर पावलांवरून पाहिल्यासारखं झालं. तेवढ्या अंतरावर काळा काळा राहत नाही, करडा दिसतो. म्हणून ते निव्वळ काळी पूड कधी वापरत नाहीत. समईची काजळीही त्यांनी सोडून दिली, पण तिचं कारण वेगळं, ती तेलकट असते आणि पसरली की आवरत नाही. आता लाकडी कोळसा कुटून त्यात राख मिसळतात. राख काकूंची.

"आणि डब्यावर लिहितातसुद्धा," मी म्हटलं. "यार्डातली माणसं खऱ्या डब्यांवर खडूनं खुणा करतात. कुठे जायचंय, काय बिघडलंय. बिघडलेल्या डब्याला 'सिक' म्हणतात आणि वेगळ्या रुळावर नेऊन ठेवतात, सिक लाइन. मास्तर पांढऱ्या पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून तेवढंसं लिहितात."

"डबा आजारी पडतो आणि त्याला वेगळी लाइन आहे," काकू म्हणाल्या. "आपल्याकडे माणूस जरा जास्त आजारी पडला की न्या नाशिकला."

यावर मी काय बोलणार!

एवढ्यात मास्तरच बोळातून आले. हातात चहाचा ट्रे, ट्रेवर डबा नव्हे, एसटी. पुठ्ठ्याची, लाल, काड्यापेटीपेक्षा दुपटीनं लांब. पाटीवर जव्हार-नाशिक. कुणी तरी त्यांना सुचवलं होतं म्हणे, जी गाडी गावात येत नाही ती किती दिवस मळवणार, जी येते ती मळवा. कुणी सुचवलं ते काकूंच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. म्हणजे आगगाडीची बातमी माझ्याआधीच त्यांच्यापर्यंत पोचलेली होती आणि इतका वेळ त्या नुसत्या माझ्याकडून पडताळून घेत होत्या.

"बघा वहिनी, जमलीय का?" मास्तर म्हणाले.

काकूंनी चष्मा पदराला पुसला. ट्रे उन्हाकडे वळवायला लावला. आधी पुढून, मग बाजूनं, मग मागून. परीक्षा घेणाऱ्यानं आयुष्यभर परीक्षा घेतलेल्याची परीक्षा घ्यावी, तसा काही तरी प्रकार.

"मागची काच स्वच्छ आहे."

"अं?"

"यष्टीची मागची काच कधी स्वच्छ बघितलीत? पुढची धूळ मागे येते, आणि गाडी पुढे गेली की मागे जी पोकळी राहते तिथे ती सगळी ओढली जाऊन काचेवर बसते. सगळ्यात जास्त लाल तिथे हवं. आणि त्यात पोरांनी बोटानं नाव लिहिलेलं."

मास्तरांनी खिशातून वही काढली.

"दाराची पायरी. तिथे मधोमध पाय पडून रंग गेलाय, कडेला आहे. तुम्ही उलटं केलंय. दाराचा दांडा हातांनी घासून पांढरा. दाराखाली पानाची पिचकारी. आणि खिडकीखालचा ओघळ कुठाय?"

"दिलाय की, हा काय, पावसाचा."

"पावसाचा नव्हे हो मास्तर. तोरंगणच्या घाटातला."

मास्तरांना कळायला क्षण लागला. मग त्यांच्या मिश्या हलल्या.

"वहिनी, ते दाखवायचं?"

"का नाही? जव्हार-नाशिक गाडी आणि खिडकीखाली ओघळ नाही, तर ती कुठली गाडी? आणि तो सरळ खाली काढू नका. गाडी धावत असते, माणूस डोकं बाहेर काढतो, वारा मागे नेतो. खिडकीपासून तिरका, मागच्या चाकाकडे. जाताना जितका तिरका तितकाच येताना. पण गाडीचं तोंड नेहमी पुढेच असतं ना, म्हणून दोन्ही वेळा मागेच."

हा मुद्दा मास्तरांच्या वहीतही नव्हता. मालगाडी दोन्ही दिशांना ओढली जाते, तिला पुढचं-मागचं नसतं, तिच्यावर तिरक्या खुणा दोन्हीकडे पडायला हव्यात. एसटीवर सगळ्या एकाच बाजूला. हे त्यांनी घाईघाईनं लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"रंग कोणता?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"सकाळच्या गाडीला पिवळट. पोहे खाऊन निघतात लोक. हळद जात नाही, पत्र्यावर दिवसभर राहते. आणि तिसऱ्या खिडकीखाली द्या, डाव्या बाजूला."

"तिसऱ्याच का?" मी विचारलं.

काकूंनी बोळात दोन्हीकडे पाहिलं. आवाज खाली आला.

"गेल्या मंगळवारी मी त्याच गाडीला होते. तिसऱ्या खिडकीशी पतसंस्थेतल्या मॅडमचा मेहुणा. मोखाडा सोडलं आणि याचं डोकं जे बाहेर गेलं ते थेट त्र्यंबकला आत आलं. आता तो ओकला, ते जाऊ दे, कुणालाही होतं. पण त्याची पाठ कोण चोळत होतं, विचार."

मास्तरांनी ट्रे मेंदीवर टेकवला.

"कोण?"